बागबाजार किती दूर?

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा लेखी भाग)



आज या मांडवात बसलेल्यांपैकी कितीतरी जण कलकत्त्याहून आले आहेत. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातल्या घरांना कलकत्ता हे नाव नवे नाही. पावसाने पाठ फिरवलेल्या या कोरडवाहू पट्ट्यातून मुले गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडली आणि देशभर पसरली. जुने दागिने वितळवून, त्यांतील हीण काढून, शुद्ध सोने-चांदी सराफाच्या हाती द्यायचे, हे काम त्यांनी अनोळखी मुलखात आपल्या सचोटीवर उभे केले. बडाबाजारच्या गल्ल्यांतून आजही आपल्या गावाकडची मराठी कानावर पडते, आणि हाजरा रस्त्यावर महाराष्ट्र निवास उभे आहे. तेव्हा कलकत्ता येथून किती दूर, हा प्रश्न या सभेत भूगोलाच्या तासापुरता उरत नाही.

तरी आरंभ भूगोलानेच करू. मुंबई आणि कलकत्ता या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे १,६६५ किलोमीटर आहे. सरळ म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला असता जे भरते ते. पुण्यापासून मोजले तर हेच अंतर सुमारे १,५७५ किलोमीटर होते. लोहमार्गाने मात्र मुंबई ते हावडा हे अंतर नागपूरमार्गे १,९६८ किलोमीटर भरते. रुळांना घाट चढावे लागतात, नद्यांवर पुलाजोगी जागा शोधावी लागते, वाटेतली गावे घ्यावी लागतात. त्या वळणांची ही तीनशे किलोमीटर. यात एक गोष्ट मोठी मौजेची आहे. मुंबईहून नागपूर सरळ रेषेत सुमारे ६८५ किलोमीटर आणि नागपूरहून कलकत्ता सुमारे ९८५. दोहोंची बेरीज करून पाहावी. ती मुंबई-कलकत्ता या सरळ अंतराहून अवघी काही किलोमीटर जास्त येते. नागपूर त्या ताणलेल्या दोऱ्याच्या जवळजवळ खालीच आहे. आपल्या इतिहासात नागपूर आणि बंगाल यांची गाठ पडली, तिच्यामागे राजकारण होतेच; पण नकाशाही होता.

विमान ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटर वेगाने जाते. या वेगाने मुंबई-कलकत्ता हे अंतर दोन तासांत कापले जावे. वेळापत्रकात मात्र साधारण पावणेतीन तास लिहिलेले असतात. हुशार विद्यार्थ्याला यात विसंगती दिसेल, आणि ती त्याला दिसली पाहिजे. वेळापत्रकातील काळ विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हा सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहते तेव्हा संपतो. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे आणि कधी आकाशातच घिरट्या घालणे, हे सारे त्यात मोजलेले असते. शिवाय विमानही दोऱ्यावरून जात नाही. आखून दिलेल्या हवाई मार्गांवरून, एका ठरावीक बिंदूकडून दुसऱ्याकडे जाते. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांची पाठराखण लाभल्याने कलकत्त्याकडे जाणारे विमान थोडे लवकर पोहोचते आणि परतीचे, तोंडावर वारा घेत, थोडे उशिरा. सासरी जाताना वाट लांबते आणि माहेरी येताना आखूड होते, असे आपल्याकडच्या बायका म्हणतात. या वाऱ्याचा न्याय नेमका उलटा. परमुलखाला जाणाऱ्याला तो लवकर पोहोचवतो.

आता बागबाजारकडे वळू. कलकत्त्याच्या उत्तर टोकाला, हुगळी नदीच्या काठी असलेली ही जुनी वस्ती. नवीनचंद्र दास यांनी रसगुल्ला केला तो इथल्याच दुकानात, १८६८ साली, असे बंगाली मनुष्य अभिमानाने सांगतो. नाट्यकार गिरीशचंद्र घोष इथले. याच बागबाजारात एक लहानशी गल्ली आहे; तिचे नाव मराठा डिच लेन. मराठ्यांच्या खंदकाची गल्ली.

या नावामागचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकतो. नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, एवढेच. त्या ओळीच्या पलीकडच्या बाजूला काय होते, हे मराठी शाळेत सांगितले गेले पाहिजे. १७४२ साली रघूजींचे सेनानी भास्करराम कोल्हटकर पंचेतच्या डोंगराळ वाटेने बंगालमध्ये उतरले आणि एप्रिलमध्ये त्यांची फौज वर्धमानपाशी येऊन थडकली. आज नागपूर-कलकत्ता विमानप्रवास दोन तासांच्या आत होतो. त्या फौजेला अरण्ये, नद्या आणि चाऱ्याची चणचण यांतून वाट काढत तेच अंतर तोडायचे होते. सामानसुमानासह चालणारे सैन्य दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर जाते. या हिशेबाने दोन महिने झाले. पण नुसते घोडेस्वार मोकळे सोडले की हिशेब पालटतो. आज इथे तर उद्या साठ किलोमीटरवर, अशी त्यांची गती. बंगालच्या नबाबाचे, अलीवर्दीखानाचे, सैन्य तोफा आणि बाजारबुणगे घेऊन चालणारे. त्याला हे स्वार सापडत नसत. शत्रू किती दूर आहे हे सांगता न येणे, यातच त्या भीतीचे मूळ होते.

बंगालमध्ये या स्वारांना ‘बर्गी’ म्हणत. शब्द आपलाच. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. या बारगिराचा बंगालीत बर्गी झाला आणि तो थेट अंगाईगीतात जाऊन बसला. मूल झोपत नसले की बंगाली आई बर्गींचे नाव घेई. पीक गेले, आता सारा कशाने भरायचा, अशी त्या गीतातली चिंता आहे. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात बंगालीत एक काव्य लिहिले. त्याचे नाव ‘महाराष्ट्र पुराण’. नाव ऐकून आपली छाती फुगावी, पण आत जाळलेली गावे, लुटलेली घरे आणि वाट फुटेल तिकडे पळणारी माणसे आहेत. हे वाचून मान खाली घालावी, की त्या काळची युद्धे अशीच असत म्हणून पुढे जावे, यावर वाद होऊ शकेल. न वाचता अभिमान बाळगू नये, यावर तो होऊ नये.

कलकत्ता तेव्हा इंग्रजांची वखार आणि तिच्याभोवती वाढलेले नगर होते. मराठे येणार या धास्तीने तिथल्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणण्याची परवानगी मागितली, आणि खर्चही आपल्या शिरावर घेतला. १७४२ सालीच काम सुरू झाले, ते बागबाजारच्या टोकापासून. सात मैलांचा अर्धवर्तुळाकार खंदक योजला होता. सहा महिन्यांत तीन मैल झाला. मराठे काही आले नाहीत. लोकांचा उत्साह ओसरला आणि काम अर्धेच राहिले. पुढेही मराठी घोडा त्या खंदकापर्यंत कधी पोहोचला नाही. त्यावरून कलकत्त्याच्या रहिवाशांना इंग्रजीत ‘डिचर’, म्हणजे खंदकवाले, असे थट्टेचे नाव मात्र पडले. १७५६ च्या जूनमध्ये शत्रू खरोखर बागबाजारच्या पुलाशी येऊन ठेपला. तो मराठा नव्हता, बंगालचाच तरुण नबाब सिराजउद्दौला होता. बागबाजारची चौकी त्या दिवशी टिकली. शहर टिकले नाही. दुसऱ्याच दिवशी त्याच्या फौजा अन्य बाजूने आत आल्या. ज्याच्यासाठी खंदक खणला तो आला नाही, आणि जो आला त्याला तो अडवू शकला नाही. १७९९ साली तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. उरले ते गल्लीचे नाव.

भास्कररामांची अखेर दुःखद झाली. १७४२ च्या शरद ऋतूत त्यांनी काटव्याजवळ दाईंहाट येथे मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली होती. पूजा ऐन रंगात असताना अलीवर्दीखानाने पहाटे छापा घातला आणि मूर्ती तशीच सोडून त्यांना निघावे लागले. बंगाली लोकांना लुटणाऱ्या सरदाराने त्यांचीच देवी त्यांच्याच रीतीने मांडावी, हा प्रसंग इतिहासकारांपेक्षा कादंबरीकाराच्या हाती जायला हवा होता. १७४४ साली तहाच्या बोलण्यासाठी म्हणून बोलावून मानकरा येथे त्यांना दग्याने मारण्यात आले. १७५१ च्या तहाने ओडिशावर नागपूरकरांचा अंमल बसला आणि बंगालने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई द्यावी असे ठरले. दहा वर्षांच्या त्या काळात नागपूर आणि बंगाल जितके जवळ आले, तितके पूर्वी कधी आले नव्हते. आणि माणसे एकमेकांपासून तितकी दूरही कधी गेली नव्हती.

पुढच्या शतकात हे अंतर रुळांवर आले. ७ मार्च १८७० रोजी जबलपूर येथे दोन बाजूंचे लोहमार्ग जोडले गेले आणि मुंबई ते कलकत्ता सलग आगगाडी सुरू झाली. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने ऐंशी दिवसांच्या जगप्रदक्षिणेची जी कादंबरी लिहिली, तिच्या नायकाच्या हिशेबात मुंबई-कलकत्ता या टप्प्याला तीन दिवस दिले आहेत. कथेत मात्र वाटेतले पन्नास मैल रूळ बांधायचेच राहिले आहेत, आणि नायकाला हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात कादंबरी छापली गेली तेव्हा मार्ग पुरा होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. व्हर्नला हत्ती हवा होता, हेच खरे. नागपूरमार्गे जाणारी आजची जवळची वाट बंगाल-नागपूर रेल्वेने १९०० साली कलकत्त्यापर्यंत नेली. ज्या दिशेने घोडे गेले होते, साधारण त्याच दिशेने आता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पत्रे, कापूस आणि विद्यार्थी जाऊ लागले.

आणि पुस्तकेही. सखाराम गणेश देऊसकर यांचे नाव महाराष्ट्रात फारसे घेतले जात नाही, ही आपली उणीव. १८६९ साली देवघरच्या परिसरात, पूर्वी कधीतरी तिकडे जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची भाषा मराठी, लेखणी बंगाली. ‘हितवादी’ या कलकत्त्याच्या पत्राचे ते संपादक होते. १९०४ साली त्यांनी ‘देशेर कथा’ हे पुस्तक लिहून परकीय राज्यात देश कसा नागवला जातो हे आकड्यांनिशी दाखवले. स्वदेशीच्या चळवळीत ते घरोघरी गेले, आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. शिवाजी उत्सव बंगालमध्ये नेण्याचे मोठे श्रेय देऊसकरांचे आहे. त्यांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी १९०४ साली ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. १९०६ च्या जूनमध्ये लोकमान्य टिळक या उत्सवासाठी कलकत्त्यास गेले. ज्या प्रांतात बर्गीचे नाव सांगून मुले निजवली जात, त्या प्रांताने दीडशे वर्षांनी शिवाजी महाराजांचा उत्सव करावा, हे अंतर आगगाडीने कापलेले नाही. एका माणसाने दोन भाषांत उभे राहून ते कापले.

बागबाजारची आणखी एक ओळख शाळेच्या व्यासपीठावरून सांगणे अगत्याचे आहे. मार्गारेट नोबल ही तरुण शिक्षिका १८९८ च्या जानेवारीत लंडनहून बोटीने निघाली आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला कलकत्त्यास पोहोचली. हा प्रवास तीन-साडेतीन आठवड्यांचा. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता म्हणून इतकाच. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने येण्यास पाच-सहा महिने लागत. ही शिक्षिका म्हणजेच भगिनी निवेदिता. त्यांनी बागबाजारच्या बोसपाडा गल्लीत राहून १३ नोव्हेंबर १८९८ रोजी मुलींची शाळा काढली. परदेशी बाईकडे लेकींना कोण पाठवणार, अशी स्थिती होती. त्या घरोघर जाऊन मुली मागत. लंडन ते कलकत्ता हे आठ हजार किलोमीटरचे अंतर त्यांनी एका महिन्यात ओलांडले. रस्त्यापलीकडच्या घराचा उंबरठा ओलांडायला अधिक काळ लागला. १९०२ साली त्या व्याख्यानांसाठी मुंबई, नागपूर, वर्धा, अमरावती या भागातही येऊन गेल्या. त्यांची शाळा बागबाजारात आजही भरते.

स्वातंत्र्यानंतर या अंतराला आणखी एक सुंदर वळण मिळाले. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांहून चार विमाने रात्री निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि थोड्या उतारूंची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या शहरी परत पोहोचत. ती विमाने ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरच्या वेगाची, म्हणजे नागपूर-कलकत्ता साडेतीन तास. संध्याकाळी कलकत्त्यात पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत वाटपाला निघे. आज नवल वाटेल, पण पत्र त्या वेळी माणसापेक्षा वेगाने गावी जाई. धन्याच्या पेढीवर राबणाऱ्या पोराला विमानाचे भाडे कुठून परवडावे?

इथे या विषयातील खरा पेच येतो. गावाकडे कुणी अत्यवस्थ झाले की कलकत्त्याला तार जाई. तार काही तासांत पोहोचे. मुलगा पोहोचायला त्याला हावड्याची गाडी, बसायला मिळाली तर जागा, पुढे पुणे किंवा मिरज, तिथून एस.टी.; म्हणजे दोन दिवस आणि तीन रात्री. बातमी आणि माणूस यांच्यामधला हा काळ ज्यांनी गाडीत बसून काढला, त्यांच्यापैकी काही या सभेत आहेत. खिडकीबाहेर रायपूर गेले, गोंदिया गेले, आणि घरी काय झाले असेल ते कळण्याचा मार्ग नाही. गावात भावकी थांबून राही, मग थांबता येत नसे. कितीतरी मुलांना वडिलांचे शेवटचे दर्शन झाले नाही. ते थेट तिसऱ्या दिवसाच्या विधीला पोहोचले. १८७० पासून तारयंत्र, आगगाडी, रस्ते सारे सुधारत गेले. हा फरक मात्र पुढे शंभर वर्षे तसाच राहिला.

२०१३ च्या जुलैत देशातील तारसेवा बंद झाली. आता फोन त्याच क्षणी वाजतो. मुलाचा हिशेब पाहावा. बडाबाजारहून दमदम विमानतळ एक तास, विमान सुटण्यापूर्वी दोन तास हजेरी, पुण्यापर्यंत सुमारे पावणेतीन तास, तिथून विट्यापर्यंत दोनशे किलोमीटरचा रस्ता, चार तास. एकूण दहा तासांच्या आत-बाहेर, तेही लगेचचे विमान आणि तिकीट मिळाले तर. त्यात हवेतले तीन तासही नाहीत. विमानाचा वेग दुपटीने वाढला तरी या मुलाचा तासभरच वाचेल. कराड-विटा रस्ता आणि कलकत्त्याची वाहतूक सुधारली तर दोन वाचतील. आपली गाऱ्हाणी कोणत्या कचेरीत न्यायची, हे यावरून ठरवता येईल.

एक अंतर मात्र कोणत्याही यंत्राने कमी होणारे नाही. कलकत्ता आपल्या पूर्वेला सुमारे चौदा रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटे. म्हणजे विट्याआधी सुमारे पंचावन्न मिनिटे बागबाजारात सूर्य उगवायला हवा आणि तसाच तो आधी मावळतो. पूर्वी ही तफावत घड्याळांतही होती. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने आपली १९५५ पर्यंत सोडली नाही. दोहोंत एक तास दोन मिनिटांचा फरक असे. घड्याळे एक झाली, सूर्य एक झाला नाही. डिसेंबरच्या आरंभी कलकत्त्यात पाचच्या आत दिवस मावळतो. आपल्याकडे तेव्हा शाळा नुकती सुटलेली असते आणि मैदानावर ऊन असते.

अशा वेळी आई कलकत्त्याला फोन लावते. तिकडे दिवे लागलेले असतात, भट्टी विझवून झालेली असते. ती विचारते, “जेवलास का?” तो म्हणतो, “अगं आई, अजून सहा वाजायचे आहेत.” तिला ते पटत नाही. पलीकडच्या आवाजामागे तिला रात्र ऐकू आलेली असते.